पुढचं मियाओ, मागचं मियाओ

१

मी सांगितलं ते कुणी खरं मानलं नाही. स्मारकाचे प्रमुख फानभाऊजी हसले. जिल्ह्याहून चौकशीला आलेले दोघे साहेब हसलेसुद्धा नाहीत. त्यांतल्या एकाने नुसतं विचारलं, "बाई, शिक्षण किती तुमचं?" मी म्हटलं, "चौथी. खिडकी उघडी आहे की बंद, हे कळायला तेवढं पुरतं." ते त्याने लिहून घेतलं नाही. म्हणून मीच लिहिते आहे. अक्षर वाकडं आहे. वाचायचं तर वाचा.

मी मियाओ लानश्यांग, पुढच्या मियाओची. आमच्या मैदानात ना टेकडी ना ओढा, खूण म्हणून सांगावं असं काही नाही. त्यामुळे घराचं दार जिकडे ती पुढची बाजू, आणि दारं सगळ्यांची दक्षिणेला. मग दक्षिणेकडचं गाव ते पुढचं मियाओ आणि उत्तरेकडचं ते मागचं. हे आमच्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

तीस वर्षांपूर्वी आपल्याच लोकांत यादवी झाली तेव्हा जनरल शियांग यिफू दक्षिणेकडून चाल करून आले. जनरल दाय चोंगलिन आपली उरलेली फौज घेऊन मागच्या मियाओत अडकून पडले होते. दोघं एकाच लष्करी शाळेत शिकलेले, एका बाकावर बसलेले. पश्चिमेला काओलौ गावात सावकाराचं दोन मजली विटांचं घर होतं, तिथे जनरल शियांगनी मुक्काम केला आणि वाटाड्या म्हणून माझ्या बापाला धरून नेलं. विचारलं, शत्रू कुठल्या मियाओत आहे? बाप म्हणाला, मागच्या.

आता जनरल शियांग डोंगरातले. त्यांच्याकडे घरं जागा मिळेल तशी वळलेली असतात. दक्षिणेकडून आलेला माणूस, तोंड उत्तरेला. त्यांच्या लेखी पुढचं म्हणजे उत्तरेचं आणि मागचं म्हणजे दक्षिणेचं. सकाळभर तोफा चालल्या, त्या पुढच्या मियाओवर. तिथे शत्रूचा एक शिपाई नव्हता. माझी आई होती, दोन भाऊ होते, आणि चुलीवर रताळ्याची पेज असणार. मी आजोळी गेले होते म्हणून आज बोलते आहे.

बापाने जाणूनबुजून चुकीचं गाव दाखवलं, असा शिक्का बसला. त्या शिक्क्यासकट तो मेला. मी त्याच शिक्क्यासकट लग्न केलं, मूल वाढवलं.

२

सावकाराच्या त्या घराचंच पुढे लढाईचं स्मारक झालं आणि मला तिथे झाडलोटीचं काम मिळालं. लोक म्हणाले, हिला लाज कशी वाटत नाही. लाज पोटाला बांधता येत नाही. सकाळी जायचं, खाली पाणी उकळून थर्मास भरायचे, वाळूत मांडलेल्या लढाईच्या नकाशावरची धूळ मऊ कुंच्याने काढायची, लाल आणि निळी निशाणं सरळ करायची. मग वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत जायचं. ती जनरल शियांगची खोली. एक टेबल, एक खुर्ची, काचेच्या पेटीत लष्करी टेलिफोन. टेलिफोनची तार हातभर लांब, टोकाला कापलेली, दोन खिळ्यांनी फळीला ठोकलेली. टेबलाला लागून पूर्वेची खिडकी, लाकडी झडपांची. ती उघडली की डावीकडे मागचं मियाओ आणि उजवीकडे पुढचं, दोन्ही हातांवर मावतील इतकी नीट दिसतात.

झडपा मी सकाळी उघडायची आणि संध्याकाळी जाताना लावायची. कित्येक वर्षं तेच.

त्या हिवाळ्यात जनरल शियांग वारल्याचं रेडिओवर सांगितलं. थोड्याच दिवसांत त्यांच्या घरच्यांनी त्यांचा लष्करी कोट स्मारकाला पाठवला. जाड लोकरीचा, बाह्या घासून चकाकलेल्या. फानभाऊजींनी तो खुर्चीमागच्या खुंटीवर टांगला आणि लांब उभं राहून बघितला.

"कसा दिसतो, वहिनी?"

"ओला दिसतो."

"कोरडा खणखणीत आहे. तुम्हाला कौतुक म्हणून करता येत नाही कधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी झडपा उघडून मी खाली आले, नकाशा पुसला, फडकं विसरलं म्हणून पुन्हा वर गेले. झडपा बंद होत्या. वारा नव्हता. आणि वाऱ्याने झडप आपटते, तिची कडी लागत नाही. कडी आतून लागलेली होती.

३

"खिडकीला या वयात संधिवात होतो," फानभाऊजी म्हणाले. ते जुने शिपाई, एका कानाने बहिरे, माणूस वाईट नाही. "लाकूड फुगतं. तेल घाला."

"लाकूड फुगून कडी लावतं का?"

"मग उंदीर."

"उंदराला हात असते तर तुमच्याऐवजी त्यालाच प्रमुख केला असता."

ते खो खो हसले. मग हसू आवरून त्यांनी टेबलावरचा कागद उलटा केला. मला नको ते दिसू नये म्हणून कुणी कागद उलटा केला की मला तो आधी वाचावासा वाटतो.

"काय आहे?"

"वहिनी, बसा."

"उभ्याने ऐकते."

जनरल शियांगच्या स्मरणार्थ अंगणात मोठी शिळा उभारायची होती. तिच्यावर लढाईची हकिकत कोरायची, चिंगमिंगला, म्हणजे कबरी झाडायच्या सणाला, मोठे लोक येणार, पडदा दूर करणार. हकिकतीच्या शेवटची ओळ अशी होती: पुढचं मियाओ उद्ध्वस्त झालं, दोष वाटाड्या मियाओ दाचंग याचा.

आतापर्यंत ते लोकांच्या तोंडी होतं. तोंडं मरतात. दगड मरत नाही. माझ्या नातवाच्या नातवाने अंगणात उभं राहून ते वाचायचं.

"भाऊजी, तुम्हाला माहीत आहे. पुढचं-मागचं कसं मोजतात ते तुम्हाला इथे राहून माहीत झालंय."

"मला माहीत असून काय उपयोग? वर लिहून पाठवलं, वरून आलं: पुरावा काय? त्या खोलीत जनरल होते, टेलिफोनवरचा शिपाई होता आणि तुमचे वडील होते. शिपाई कधीच गेला. आता जनरलही गेले. कोण सांगणार काय बोलणं झालं?"

"खोली आहे की."

"खोलीची साक्ष घेत नाहीत, वहिनी."

४

मग मी लक्ष ठेवायला लागले. भुतंखेतं मानणारी बाई मी नाही. आमच्या आजोळच्या म्हाताऱ्या प्रत्येक विहिरीत काहीतरी बसवायच्या, मी त्या विहिरीचं पाणी पिऊन वाढले. म्हणून आधी सगळं तपासलं. झडपांना तेल घातलं. कडी काढून पुन्हा ठोकली. जिन्याच्या दाराला कुलूप लावून किल्ली कमरेला बांधली. वर कुणी चढलं असतं तर कळलं असतं. तो जिना मांजर चढलं तरी कुरकुरतो.

तरी झडपा बंद व्हायच्या. मी समोर असताना कधी नाही. पाठ वळली, जिन्याच्या मधल्या पायरीवर आले, की वरून आवाज यायचा. आपटल्याचा नाही. कुणीतरी हळू, सवयीने, डोळ्यांवर उजेड येतो म्हणून खिडकी लावून घ्यावी, तसा.

एकदा थंडी इतकी होती की थर्मासची बुचं गोठली. वर गेले तर काचेच्या पेटीला आतून वाफ धरलेली. सगळ्या काचेला नाही. फक्त टेलिफोनच्या जवळ, जिथे माणूस तोंड लावतो तिथे, मुठीएवढी. मी बघत असताना ती कमी झाली, पुन्हा वाढली. कमी झाली, पुन्हा वाढली.

मी स्वतःला म्हटलं, लानश्यांग, उन्हाने काच तापते, आत ओल असेल. मग आठवलं की झडपा बंद आहेत, ऊन नाहीच आहे.

मी रागाने झडपा उघडल्या. मागच्या मियाओतल्या वीटभट्टीचा धूर सरळ वर चालला होता. तिथे माझी मुलगी सुहे विटा वाहते. तिचं सासर तिथलंच. तो धूर बघितला की मला बरं वाटतं. पोरीची चूल पेटली आहे, नवऱ्याला शिव्या देत असेल, असं वाटतं. मी खिडकीत उभी राहिले तोवर मागे खोलीत काही हललं नाही. पण मला पाठीवर कळत होतं की माझ्या खिडकीत उभं राहण्याचा कुणालातरी त्रास होतो आहे.

५

सुहे खारवलेला मुळा घेऊन आली तेव्हा तिला मी सांगितलं, कारण त्या दिवशी आवाजही ऐकला होता.

टेलिफोनची दांडी फिरवल्यासारखी घरघर झाली. मग माणसाचा आवाज, लांबून, जाड, आमच्याकडचा नसलेला. डोंगरातली माणसं शब्दाचा शेवट गिळतात तसा. "कुठलं मियाओ?" एवढंच. थोडं थांबून पुन्हा, जरा चिडून, "अरे, कुठलं?"

"मग?" सुहेने विचारलं.

"मग काय, मी केरसुणी तिथेच टाकली आणि खाली आले."

मला वाटलं ती हसेल. ती माझ्यावर गेली आहे, कशालाही हसते. ती हसली नाही. मुळ्याची बरणी हातात धरून बसून राहिली.

"आजोबा बोलले का? त्यांचा आवाज आला?"

"नाही. नुसता विचारणारा."

"म्हणजे उत्तर अजून यायचंय."

"काय बडबडतेस?"

"आई, पुन्हा विचारलं तर तू काही बोलू नकोस."

"का नको? तीस वर्षं मी तेच उत्तर पाठ करून ठेवलंय. तुझा आजोबा मागचं म्हणाला, त्याऐवजी उत्तरेचं म्हणाला असता तर डोंगऱ्यालाही कळलं असतं. एका शब्दाने सगळं गेलं. तो शब्द मला सांगता आला तर…"

"तर काय? आजी परत येईल?"

"दगडावर नाव येणार नाही."

"तू म्हणजे ना…" ती उठली, डोक्याला रुमाल बांधला. "तो फोन कापलेला आहे. कापलेल्या फोनवर बोलणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात माहीत आहे? माझ्या सासूला अजून विषय हवाच आहे."

दारात जाऊन ती परत वळली. "शपथ घे."

मी घेतली नाही. म्हटलं, भट्टीवर उशीर होईल, जा.

६

शिळा आली ती ट्रॅक्टरवरून, गवतात गुंडाळून. चिंगमिंगला थोडेच दिवस राहिले होते. गडी माणसांनी ती अंगणात उभी केली, गवत काढलं. बाहेर स्वच्छ ऊन होतं. नव्या कोरीव अक्षरांत अजून दगडाची भुकटी होती. मी शेवटची ओळ वाचली. बोटाने वाचली. बापाच्या नावाच्या खोबणीत माझं बोट नीट बसलं.

फानभाऊजी बाजूला उभे होते. "वहिनी, घरी जा आज."

"झडपा उघडायच्या राहिल्यात," मी म्हटलं आणि वर गेले.

खोलीत अंधार होता, फटींतून उन्हाच्या रेघा येत होत्या. पेटीच्या काचेला वाफ होती. मी दारातच असताना घरघर झाली, आणि या वेळी आवाज लांबून आला नाही. टेबलाच्या उंचीवरून आला.

"कुठलं मियाओ?"

भ्यायले, खोटं कशाला सांगू. पण त्याहून मोठा राग होता. तीस वर्षं हा माणूस मोठा झाला, त्याच्या छातीवर बिल्ले चढत गेले, आणि माझा बाप गुरांच्या गोठ्यात मेला. मला वाटलं, हीच वेळ आहे. आत्ता नीट सांगितलं तर हिशेब नीट होईल. खालचा दगड कोरा होईल. असं कसं होईल, हे मी स्वतःला विचारलं नाही. रागावलेलं माणूस विचारत नाही.

"अरे, कुठलं?"

"उत्तरेचं!" मी ओरडले. "पुढचं नाही, मागचं नाही, उत्तरेकडचं मियाओ! कळलं का तुला, डोंगऱ्या? उत्तर!"

मग तो आवाज, अगदी सुटल्यासारखा, ओझं खाली ठेवावं तसा म्हणाला, "उत्तर." आणि कुणालातरी, पलीकडे, "लावा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. उत्तरेच्या मियाओत आता जनरल दाय नाही. तिथे सुहे आहे.

मी खिडकीकडे धावले. मला नुसतं बघायचं होतं, धूर सरळ आहे ना एवढंच. झडपा ढकलल्या, हलल्या नाहीत. कडी चाचपली आणि कडीवर माझ्या आधी हात होता.

जे बघितलं तेवढंच सांगते. बाही जाड लोकरीची, घासून चकाकलेली. तिच्यातून आलेला हात, गोरा, नखं नीट कापलेली, म्हाताऱ्याचा नाही, भर वयातला. तो झडप दाबून धरून होता. जोर लावून नाही. लहान मुलाने बघू नये असं काही बाहेर असावं आणि आपण दार धरावं, तितकाच. बाहीच्या वर काय होतं ते मी बघितलं नाही. त्याने मान खिडकीकडून फिरवलेली होती, एवढं मात्र कळलं. श्वास माझ्याकडे येत नव्हता, उलट बाजूला जात होता.

मग उत्तरेकडून दणका आला. सगळी तावदानं वाजली. खाली थर्मास फुटल्याचा आवाज झाला. झडप माझ्या हातात सैल झाली, उघडली. भट्टीचा धूर सरळ नव्हता. तो आडवा पसरला होता, मातीच्या रंगाचा.

मागे वळले तेव्हा कोट खुंटीवर होता. उजवी बाही हलत होती.

७

चौकशीवाल्यांनी सांगितलं, भट्टीसाठी माती खणताना जुना गाडलेला गोळा कुदळीखाली आला. आमच्या मैदानात असे गोळे निघतात, हे मलाही माहीत आहे. लोक त्यांची टरफलं घंटा म्हणून झाडाला टांगतात. सुहेची सासू गेली, शेजारचा माती खणणारा गेला. सुहेचा उजवा हात कोपरापासून गेला.

दोष कुणाचाच नाही, असं त्यांनी ठरवलं. मी खोलीतलं सगळं सांगितलं तेव्हा एकाने शिक्षण विचारलं, ते वर आलंच आहे. फानभाऊजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, पोरीच्या धक्क्याने तुम्हाला मागाहून तसं वाटतंय. मी खाली अंगणातच होतो. तुमच्या एकटीचाच आवाज आला."

"काय म्हणाले मी?"

"उत्तर, उत्तर म्हणून ओरडलात."

"आणि दणका?"

"त्यानंतर." ते माझ्याकडे बघेनात. "योगायोग असतात, वहिनी."

खरं मानणारी एकटी निघाली. सुहेला शुद्ध आली तेव्हा मी तिच्या उशाशी तांदळाची पेज घेऊन बसले होते. तिने पेजेकडे बघितलं नाही.

"आई, तू बोललीस ना?"

मी चमचा पुढे केला.

"मी नको म्हटलं होतं. बोललीस ना तू?"

"बोलले."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिच्या लेखी दोष माझा. दगडाच्या लेखी माझ्या बापाचा. मला दोन्ही कबूल होत आले होते, खरंच. रोज तिची वेणी घालताना कबूल करत होते, कारण तिला एका हाताने घालता येत नाही.

मग एकदा तिची वेणी घालता घालता माझा हात थांबला. बाप मागचं म्हणाला, माणसं मेली. मी उत्तरेचं म्हणाले, माणसं मेली. म्हणजे चूक शब्दात नव्हती. पुढचं म्हटलं तरी तिथे चुली होत्या, मागचं म्हटलं तरी चुली होत्या. आणि ती खिडकी टेबलाला लागून होती. उठायचीसुद्धा गरज नव्हती. हात लांब केला असता तर दोन्ही गावं दिसली असती, कुठल्या गावात घोडे आणि तोफा आहेत आणि कुठल्या गावात बायका धुणं वाळत घालताहेत, तेही. त्याने हात लांब केला. पण खिडकी लावायला केला. न बघता विचारायचं, दोष उत्तर देणाऱ्याच्या गळ्यात टाकायचा आणि "लावा" म्हणायचं.

"ओढते आहेस," सुहे म्हणाली.

"चुकले," मी म्हटलं, आणि वेणी पुरी केली.

चिंगमिंगच्या दिवशी दुपारी सगळे पाहुण्यांच्या जेवणाला खाली बसले होते, वाफेवरचे पाव आणि मटण. शिळेवर लाल कापड टाकलेलं होतं. मी कापडाखाली शिरले. नवऱ्याची छिन्नी आणि हातोडी अंगरख्यात लपवलेली होती. आतून टकटक ऐकू जात असणार. कुणी आलं नाही. 'वाटाड्या' हा शब्द आणि बापाच्या नावाची अक्षरं, आमच्या लिपीत तीनच, तासायला वेळ लागला, दगड चांगला होता. नावाच्या जागी दुसरी तीन कोरायला त्याहून जास्त. हाताला फोड आले. शेवटचं अक्षर जरा तिरकं गेलं.

मग मोठे लोक आले, टाळ्या वाजल्या, बाजा वाजला, कापड ओढलं गेलं. पुढच्या रांगेतल्या साहेबाने हकिकत मोठ्याने वाचायला घेतली. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज अडला. फानभाऊजींचं तोंड पांढरं झालं होतं. माझी नोकरी गेली हे मला तेव्हाच कळलं.

"वाचा की," मी गर्दीतून म्हटलं. "मला चौथीपर्यंतचंच येतं, तरी मी लिहिलंय. तुम्ही शिकलेले. वाचा."

त्याने वाचलं. पुढचं मियाओ उद्ध्वस्त झालं, दोष शियांग यिफू याचा.